मुलीचं गाणं, परीक्षा आणि चांगला गुरू: अनुभव सांगा

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार मंडळी. इथे मुलांना गाणं-वाजवणं शिकवणारे बरेच पालक आहेत, काही जण स्वतः शिकवतातही. म्हणून हा धागा काढतेय.

माझी मुलगी दहा वर्षांची आहे. अगदी लहान असल्यापासून ऐकलेली चाल लगेच उचलते. गणपतीत आरत्या म्हणताना मोठ्यांची चाल घसरली की तिला चैन पडत नाही. दुसरीत असताना तिला घराजवळच्या क्लासला घातलं. आठवड्यातून दोन दिवस, एका वेळी दहा-बारा मुलं. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांतली प्रारंभिक झाली, प्रवेशिका प्रथम झाली, दोन्हींत उत्तम गुण मिळाले. आता प्रवेशिका पूर्णचा फॉर्म भरायची वेळ आली आहे.

मध्यंतरी माझे मामा येऊन गेले. ते गावी भजनाला पेटी वाजवायचे. त्यांनी मोबाइलवर तानपुरा लावला आणि म्हणाले, "भूप म्हण बघू बाळा, पेटीशिवाय." तिला सा लागेना. मामांनी गाऊन दाखवल्यावर लागला, पण दोन ओळी होईपर्यंत ती अर्धा स्वर वर सरकली होती, आणि आपण सरकलो हे तिला कळलंच नाही. पेटी हाताशी दिली की सगळं जागेवर. रागाची माहिती तर घडाघडा: थाट कल्याण, जाती औडव-औडव, मध्यम-निषाद वर्ज्य, वादी गंधार, संवादी धैवत, रात्रीचा पहिला प्रहर.

क्लासमध्ये विचारलं तर उत्तर मिळालं, "परीक्षेला पेटी असते, तुम्ही काळजी करू नका." या उत्तराने माझी काळजी वाढली.

मला स्वतःला गाता येत नाही. तिने मोठी गायिका व्हावं असा माझा हट्टही नाही. पण ती जे शिकतेय ते तिच्या गळ्यात आणि कानात उतरावं एवढं मला मनापासून वाटतं. हे वयामुळे आहे का, पुढे सुधारेल का? की शिक्षक बदलावेत? आणि मुख्य म्हणजे, ज्या पालकाला संगीतातलं कळत नाही त्याने चांगला शिक्षक ओळखायचा कसा?

डग्गा (पुणे)

चांगला प्रश्न. माझा मुलगा तबला शिकतो आणि मलाही सुरुवातीला काही कळत नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितो.

ज्या शिक्षकांचा विचार करताय त्यांच्या गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाला जाऊन बसा. कुणी अडवत नाही. शेवटी जो सगळ्यात तयार विद्यार्थी गातो किंवा वाजवतो त्याच्यावरून मत बनवू नका. तो कुणाकडेही गेला असता तरी वर आला असता. मधली मुलं ऐका, तीन-चार वर्षं शिकलेली, साधारण कुवतीची. ती मुलं सुरात आहेत का? लय धरतात का? घाबरून शिक्षकांच्या तोंडाकडे बघत वाजवतात, की आपल्या वाजवण्यात असतात? शिक्षक स्वतः किती मोठ्या मैफली करतात याचा आणि शिकवण्याचा फारसा संबंध नसतो. उत्तम वादक असूनही मुलासमोर बसल्यावर पाच मिनिटांत कंटाळणारे लोक मी पाहिले आहेत.

दुसरी गोष्ट, ही घरीच तपासता येते. तबल्याच्या मुलाला तबला बाजूला ठेवून तीनताल तोंडाने म्हणायला सांगा, हाताने टाळी-खाली देत. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. नवव्या मात्रेला हात उघडा पडला पाहिजे, आणि चार-पाच आवर्तनांनंतरही वेग तोच राहिला पाहिजे. मग तोच ठेका दुपटीत. ही तोंडाने म्हणायची पढंत पक्की असेल तर शिक्षक पाया नीट घालतायत. ती डळमळीत असेल आणि मूल कायदे-रेले (ठेक्याच्या पुढच्या रचना) वाजवत असेल, तर नुसती बोटं पळतायत. यासाठी पालकाला सोळापर्यंत मोजता आलं की झालं.

स्वरलिपी (सांगली)

गोदाकाठ, मी बरीच वर्षं गाणं शिकवते. तुमच्या मामांनी नेमकी नस पकडली आहे. हे वयामुळे नाही. सुरुवातीपासून तानपुऱ्यावर शिकलेलं दहा वर्षांचं मूल सा धरून ठेवू शकतं.

होतं काय, तर शिक्षक पेटीवर गाण्यातला प्रत्येक स्वर वाजवत राहतात आणि मूल त्या स्वराच्या मागोमाग जातं. स्वर शोधायचं काम कानाला उरतच नाही. तानपुरा नुसता षड्ज आणि पंचम देतो, बाकी सगळे स्वर आपले आपण लावायचे असतात. त्यामुळे पेटी काढली की मूल उघडं पडतं. मी पेटीच्या विरोधात नाही. सुरुवातीला जागा दाखवायला ती लागतेच. पण दाखवून झालं की शिक्षकाचा हात पेटीवरून उठला पाहिजे.

तुमच्या प्रश्नात मला आणखी एक शंका येते. दहा-बारा मुलं एकत्र असली की सगळ्यांना एकाच पट्टीत, म्हणजे एकच सा धरून गावं लागतं. कुणाला ती उंच पडते, कुणाला खाली. उंच पट्टीत ताणून गाणारं मूल हमखास वर सरकतं. तिची पट्टी कोणती, हे क्लासमध्ये कुणी कधी पाहिलं होतं का?

घरी आजपासून करता येईल असं सांगते. मोबाइलवरचा तानपुरा चालेल, फक्त मोबाइलच्या बारक्या स्पीकरवर लावू नका, खर्ज (खालचा सूर) ऐकूच येत नाही. बाहेरचा स्पीकर जोडा. भूपासाठी प सा सा सा. आधी दोन-तीन आवर्तनं नुसतं ऐकायचं. मग सा, एका श्वासात जेवढा टिकेल तेवढा, मोकळ्या आकारात ('आ' म्हणत), जोर न लावता. मग सा-प-सा. मग सा-ग-सा. पुढचं काही नको. एवढंच काही आठवडे. रेकॉर्ड करून तिचं तिला ऐकवा, तुम्ही चूक सांगू नका. मुलांना स्वतःचा सरकलेला सूर रेकॉर्डिंगमध्ये लगेच कळतो.

मध्यलय (ठाणे)

स्वरलिपी यांच्याशी सहमत, पण परीक्षांवर सगळं खापर फुटू नये म्हणून लिहितेय.

माझ्या मुलीला परीक्षांनीच धरून ठेवलं. शाळा, शिकवणी, पोहणं या सगळ्यात गाण्याचा नंबर शेवटचा लागला असता. पण परीक्षेची तारीख समोर असली की रियाज होतो. आणि हा अभ्यासक्रम, हे वर्ग कुठून आले तेही लक्षात घ्यायला हवं. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्याआधी गाणं शिकायचं तर गुरूच्या घरी राहून सेवा करायची, वर्षानुवर्षं वाट बघायची, आणि तेही गुरूच्या मनात आलं तर. चारचौघांच्या घरातल्या मुलांना, त्यातही मुलींना, तो रस्ता बंदच होता. पलुस्करांनी तो उघडला. ते १९३१ मध्ये गेले आणि त्यांच्या शिष्यांनी त्याच वर्षी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं, त्याच्याच परीक्षा आज आपली मुलं देतात. मला या व्यवस्थेबद्दल फार कृतज्ञता वाटते.

शिवाय दहावीला शास्त्रीय कलेच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात. नियम आणि मुदत शाळेत विचारून घ्या, कागदपत्रं शाळेमार्फतच जातात.

स्वरलिपी (सांगली)

मध्यलय, तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. मीही मुलांना परीक्षेला बसवते. पण परीक्षा वर्षातून दोनदा असते, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. प्रत्येक सत्राला बसलंच पाहिजे असा नियम नाही. दोन परीक्षांच्या मध्ये एखादं वर्ष मोकळं ठेवलं तर मूल एक राग नीट गाऊ लागतं. विशारद या वरच्या परीक्षेपर्यंत पोचायची घाई पालकांना असते. कितीतरी मुलं दहावीच्या आत मध्यमा पूर्ण करतात आणि त्यानंतर गाणं सोडतात, हे मी डोळ्यांनी पाहते आणि मला त्याचा त्रास होतो.

दहावीच्या गुणांसाठी गाणं शिकवणाऱ्या पालकांना मी नाही म्हणत नाही. तेवढंच सांगते की रियाज रोजचा हवा, फॉर्म भरल्यानंतरचा नको.

इंद्रायणी (जुन्नर)

आमच्या गावात क्लास नाही. तालुक्याला आहे, पण एसटीच्या वेळा जमत नाहीत. म्हणून मुलगा मंदिरातल्या बुवांकडं पखवाज शिकतो. बुवा दिवसा शेती करतात, संध्याकाळी हरिपाठाच्या आधी पोरांना घेऊन बसतात. फी नाही. दसऱ्याला नारळ आणि उपरणं देतो, तेवढंच ते घेतात.

पोरगं पहिलं काय शिकलं तर कणीक मळायला. पखवाजाच्या धुमावर (खर्जाच्या बाजूच्या पुडीवर) कणकेचा गोळा लावावा लागतो. घट्ट झाली तर धरत नाही, पातळ झाली तर घसरते. मध्यभागी लावून बोटांनी कडेला पातळ करत न्यायची आणि थाप मारून बघायची. कमी पडली की आवाज पोकळ येतो, जास्त झाली की घुमतच नाही. बुवा त्याच्याकडून लावून घेतात, मग म्हणतात, "आता ऐक. लागला का खर्ज?" त्यालाच ठरवायला लावतात. वाजवून झाल्यावर कणीक वाळायच्या आत खरवडून पुडी पुसून ठेवायची, हेही त्याचंच काम. वर्षभरात त्याचा कान असा झाला की दुसऱ्याच्या पखवाजाची कणीक कमी आहे हे तो लांबून सांगतो.

वरच्या सगळ्या प्रतिक्रिया वाचल्या. पेटीच्या मागं जाणं आणि कानाने शोधणं यातला फरक मला बुवांमुळं समजला. गावाकडच्या पालकांना एवढंच सांगेन की आधी आपल्या भजनी मंडळात बघा. ज्येष्ठ आषाढात दिंडीत जी माणसं वाजवतात त्यांच्यातले कितीतरी आळंदीला राहून शिकून आलेले असतात.

फोंडेकार (फोंडा, गोवा)

इंद्रायणी, वाचून फार बरं वाटलं. आमच्याकडे चतुर्थीला घरोघरी घुमट (मातीच्या घटाचं तालवाद्य) वाजवत आरत्या होतात, मुलं त्यातच लय शिकतात. माझ्या मुलीने घुमटाच्या तालावर हात धरायला सुरुवात केली आणि आता व्हायोलिन शिकते.

व्हायोलिनसाठी विचार करणाऱ्यांना एक सूचना. मुलांचं व्हायोलिन मापाने मिळतं: पाव, अर्धं, पाऊण, पूर्ण. हात पुरेसा लांब झाल्याशिवाय पूर्ण मापाचं घेऊ नका, मान आणि मनगट दोन्ही दुखतात. मूल वाढलं की माप बदलतं, म्हणून नवं घेण्यापेक्षा आधीच्या विद्यार्थ्याचं वापरलेलं घेणं शहाणपणाचं. आणि आधीच ठरवा: हिंदुस्थानी शिकवायचं की पाश्चात्त्य? बसण्याची पद्धत, वाद्य धरण्याची पद्धत, तारा लावण्याची पद्धत, सगळं वेगळं. आमच्या गोव्यात दोन्ही परंपरा शेजारी शेजारी आहेत, पणजीच्या कला अकादमीत दोन्हींचे वर्ग आहेत, त्यामुळे मूल दोन्ही ऐकून ठरवू शकतं. सगळीकडे ही सोय नसते.

कोरी पाटी (औरंगाबाद)

आम्ही अजून सुरुवातच करतोय. पेटी घ्यायची आहे. वापरलेली घ्यावी का? आणि घेताना काय बघायचं?

डग्गा (पुणे)

वापरलेली जरूर घ्या, पण दोन गोष्टी स्वतः तपासा. भाता पूर्ण भरा, एकही पट्टी न दाबता सोडून द्या. भाता झरझर खाली बसला तर हवा गळतेय. मग अगदी हलका भाता मारत खालपासून वरपर्यंत एकेक पट्टी दाबा. प्रत्येक सूर लगेच आणि सारख्या ताकदीने बोलला पाहिजे. एखादा उशिरा बोलत असेल किंवा चिरकत असेल तर तो सूर साफ करायला किती घेतील ते आधी विचारून मग भाव करा. लहान मुलासाठी कपलर, स्केलचेंजर वगैरे काही लागत नाही. त्याने पेटी जड होते आणि दुरुस्तीची कटकट वाढते.

स्वरलिपी (सांगली)

गाणं शिकवायचं असेल तर मी म्हणेन, पेटीच्या आधी तानपुऱ्याची सोय करा. मोबाइलवरचा पुरेल. पुढे मूल टिकलं, आणि ऐपत असली, की मग खरा तानपुरा. आमच्या शेजारी मिरजेत तो बनतो. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतात. मुलांना घेऊन एकदा सतारमेकर गल्लीत जाऊन या. कारागीर जवारी (तारेचा झंकार) लावताना दोरा सरकवून एकेक तार कशी बोलती करतात ते मुलांनी बघितलं की "तानपुरा कंटाळवाणा आहे" हे वाक्य पुन्हा ऐकू येत नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी दर काही वर्षांनी नेते. जमल्यास मिरजेच्या दर्ग्यात किराणा घराण्याचे गायक उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीची संगीतसभा असते त्या दिवसांत जा.

जर्सीतला (न्यू जर्सी)

आमच्यासारखे बाहेर राहणारे पालकही हा धागा वाचत असतील. आमचा मुलगा भारतातल्या गुरुजींकडे ऑनलाइन गाणं शिकतो. उपयोगी पडेल ते लिहितो.

व्हिडिओ कॉलवर दोघांना एकत्र गाता येत नाही, आवाज पोचायला क्षणभर उशीर होतोच. म्हणून गुरुजी गातात, मग मुलगा गातो. तानपुरा दोन्हीकडे आपापला, एकाच पट्टीत जुळवलेला.

आणि ही गोष्ट फार महत्त्वाची: कॉलचं ॲप सतत वाजणारा आवाज गोंगाट समजून दाबून टाकतं. तानपुरा तसाच आवाज आहे. आमच्याकडे सुरुवातीला गुरुजींना तानपुरा ऐकूच जात नव्हता आणि मुलाचा लांबवलेला सा मध्येच गायब व्हायचा. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' नावाची सोय आहे, ती सुरू केली की हे थांबतं. दोन्ही बाजूंनी करावं लागतं.

मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये इथली घड्याळं बदलतात, भारतातली नाहीत. क्लासची वेळ भारताची धरायची की इथली, हे गुरुजींशी आधीच बोलून ठेवा. नाहीतर बिचारे तासभर आधी येऊन बसतात.

एवढं असूनही उन्हाळ्याच्या सुट्टीत भारतात आलो की समोर बसून शिकवणी घेतोच. बसायची पद्धत, तोंड किती उघडतं, खांदे वर जातात का, हे पडद्यावर गुरुजींना दिसत नाही.

पिलू (नागपूर)

स्वरलिपी ताई, माझा मुलगा तेरा वर्षांचा. दोन वर्षं स्पर्धांत बक्षिसं आणत होता. आता आवाज फुटायला लागलाय, वरचे स्वर चिरकतात, आणि तो गायलाच बसत नाही. खोलीचं दार लावून घेतो. काय करू?

स्वरलिपी (सांगली)

पिलू ताई, त्याला आधी हे सांगा की हे प्रत्येक मुलाचं होतं आणि त्याचं गाणं कुठेही गेलेलं नाही. या वयात स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. कुणाचं काही महिन्यांत स्थिरावतं, कुणाला दोन वर्षं लागतात.

या काळात जुनी पट्टी सोडा. पेटीवरच्या काळी चार-पाच या पट्टीत गाणारा मुलगा पुढे पांढरी दोन, काळी एक अशा कुठेतरी स्थिरावेल, पण आज ते ठरवू नका. ज्या दिवशी जिथे आरामात लागतो तिथे सा धरायचा आणि मंद्र-मध्य (खालच्या आणि मधल्या) सप्तकातच गायचं. थोडा वेळ, अजिबात न ताणता. वरच्या स्वरांशी झोंबलं तर गळ्याला इजा होऊ शकते. स्पर्धा पूर्ण बंद. या दिवसांत त्याला पेटी किंवा तबला शिकवा, खूप गाणं ऐकवा, ताल पक्के करून घ्या. शिक्षकांनी "काही होत नाही, गात राहा" म्हणून जुन्याच पट्टीत गायला लावलं तर त्यांना स्पष्ट नाही सांगा. आणि दाराबाहेरून ऐकू नका त्याला. या वयात मुलांना तेच सगळ्यात नको असतं.

मेघ (कोल्हापूर)

शिक्षक शोधण्याबद्दल इथे कुणी लिहिलं नाही ते मी लिहिते. मूल एकटं शिकायला जाणार असेल तर खोलीचं दार उघडं असलं पाहिजे आणि पालक कधीही येऊन बसू शकतात हे पहिल्याच दिवशी ठरलं पाहिजे. "पालक बसले की मुलाचं लक्ष लागत नाही" हे खरं असू शकतं, मग पालक बाहेरच्या खोलीत बसतील. पण पालकांना यायलाच बंदी असेल तर तिथे मूल ठेवू नका, गुरू कितीही मोठा असो. हात धरून बोटं बसवणं, पाठ सरळ करणं हे शिकवण्यात येतं. ते सगळ्यांसमोर होतं आणि मुलाला विचारून होतं. मुलालाही हे नीट समजावून सांगा. गुरूबद्दलचा आदर आणि ही काळजी एकत्र राहू शकतात.

स्वरलिपी (सांगली)

मेघ, शंभर टक्के. शिक्षक म्हणून सांगते, ज्याला चांगलं शिकवायचंय त्याला उघड्या दाराची अडचण होत नाही.

गोदाकाठ (नाशिक)

सगळ्यांचे मनापासून आभार. थोडे दिवस लिहिता आलं नाही कारण मी खरोखरच दोन गुरुपौर्णिमेचे कार्यक्रम ऐकून आले (डग्गा, मधली मुलं ऐका हा सल्ला सोन्यासारखा). पहिल्या ठिकाणी पेटी इतकी मोठी की मुलांचे आवाज ऐकूच येत नव्हते. दुसरीकडे जेमतेम आठ-नऊ विद्यार्थी, एका बाईंच्या घरातल्या हॉलमध्ये. एक सातवीतला मुलगा सारंग गायला. मध्येच अडला, गप्प बसला, तानपुरा ऐकला आणि स्वतःच सा पकडून पुढे गेला. बाईंनी त्याला काही सांगितलं नाही, पेटीला हातही लावला नाही. मी तिथेच ठरवलं.

पहिल्या भेटीत बाईंनी मुलीला कोणत्या परीक्षा झाल्या हे विचारलं नाही. "तुला काय आवडतं गायला?" विचारलं. ती भूपातली बंदिश काळी पाचमध्ये गायली, क्लासची तीच पट्टी. बाईंनी तिला दोन ओळींत थांबवलं आणि तानपुरा एकेक पट्टी खाली आणत गेल्या. प्रत्येक वेळी सा, मग खाली पंचमापर्यंत, मग वर तार गंधारापर्यंत. पांढरी पाचला आल्यावर म्हणाल्या, "इथे गाऊ आपण. मान बघ तुझी, आता शिरा ताणल्या नाहीत." मलाही दिसलं ते. तोपर्यंत मला वाटायचं, गाताना मानेच्या शिरा दिसतातच.

मग उरलेला सगळा वेळ सा आणि प. मुलगी सरकली की बाई तिला न थांबवता स्वतः हळूच सा लावायच्या. ती ऐकायची, थबकायची आणि परत यायची. शेवटी शेवटी बाईंनी सा लावायच्या आधीच ती स्वतः परत आली.

अडचण वेगळीच आहे. मुलगी रडली. मैत्रिणी प्रवेशिका पूर्णला बसणार आणि ती नाही, म्हणून. बाईंनी सांगितलंय की यंदा परीक्षा नको, भूप आणि यमन एवढंच करू. मला पटतंय, तिला नाही. आणि जुन्या क्लासमध्ये कसं सांगू? तीन वर्षं त्यांनी शिकवलंय, वाईट वाटेल त्यांना.

मध्यलय (ठाणे)

मुलीला मैत्रिणींच्या परीक्षेच्या दिवशी केंद्रावर घेऊन जा, शुभेच्छा द्यायला. मैत्री टिकली की परीक्षेचं दुःख ओसरतं. आणि पुढच्या वर्षी तीही बसेलच, बाईंनी कायमचं नाही म्हटलेलं नाही.

डग्गा (पुणे)

जुन्या शिक्षकांना फोनवर किंवा मेसेजवर कळवू नका. मुलीला घेऊन जा. चालू महिन्याची फी देऊन टाका, मुलीला पाया पडायला सांगा आणि खरं कारण सौम्य शब्दांत सांगा: तिला छोट्या गटात शिकवायचंय. नव्या बाईंकडे जुन्या क्लासची तक्रार नको, जुन्यांकडे नव्या बाईंची तुलना नको. संगीताचं वर्तुळ लहान असतं, सगळे एकमेकांना ओळखतात. नव्या गुरूलाही आधीच सांगा की तुम्ही जुन्या शिक्षकांची रीतसर परवानगी घेऊन येताय. जुन्या पद्धतीच्या लोकांना ते फार महत्त्वाचं वाटतं आणि मलाही ते योग्यच वाटतं.

कोरी पाटी (औरंगाबाद)

रोजच्या रियाजाला मुलाला बसवायचं कसं? आमच्याकडे रोज भांडण.

स्वरलिपी (सांगली)

वेळ रोज एकच ठेवा. शाळेच्या आधीची उत्तम, संध्याकाळी मुलं दमलेली असतात. वीस मिनिटं पुरतात, पण रोज. तुम्ही त्याच खोलीत बसा, फोन न घेता. भाजी निवडा, कपड्यांच्या घड्या घाला, काहीही करा, पण ऐकत आहात हे मुलाला कळू द्या. चुका काढू नका, ते शिक्षकांचं काम. पाहुणे आले की "जरा गाऊन दाखव" हे पूर्ण बंद करा. मुलाने स्वतःहून म्हटलं तर आनंदाने ऐका.

आणि महिन्यातून एकदा तरी प्रत्यक्ष समोर बसून गाणं ऐकायला न्या. छोट्या बैठकीला नेलंत तर अधिक चांगलं, तिथे मुलांना गवयाचा हात, चेहरा, तबलजीशी होणारी नजरानजर दिसते. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला नेणार असाल तर पूर्ण सत्राचा आग्रह नको, एक कलाकार ऐकून मूल कंटाळलं की उठा.

पिलू (नागपूर)

दहा ते चौदा वयोगटासाठी दिल्लीच्या सीसीआरटीची (सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र) शिष्यवृत्ती असते, गायन-वादन-नृत्य सगळ्यांना. गोदाकाठ, तुमची मुलगी वयात बसते. यंदा नाही, पण डोक्यात ठेवा. माझ्या मुलाच्या वेळी अर्जात गुरूंचं नाव, किती वर्षं शिकतो वगैरे सगळं लागलं होतं, त्यामुळे शिकण्याची नोंद ठेवत जा.

ताजी खबर: मुलगा काल पेटी घेऊन बसला होता. गायला नाही, नुसता यमन वाजवत होता. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही.

स्वरलिपी (सांगली)

उत्तम. वाजवू द्या.

गोदाकाठ (नाशिक)

डग्गा, तुम्ही सांगितलं तसंच केलं. जुन्या बाई थोड्या नाराज झाल्या, पण मुलीच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "कार्यक्रमाला बोलव मला." त्यांना बोलावणार आहे.

एक शेवटची शंका. नव्या बाईंनी पांढरी पाच सांगितलीय. मामा फोनवर म्हणतात, मुलींची पट्टी काळी चार असते, तीच लावा. ॲपमध्ये काय ठेवू?

स्वरलिपी (सांगली)

पांढरी पाचच ठेवा. ज्यांनी समोर बसवून गळा ऐकला त्यांचं ऐकायचं. दोन्हींत अर्ध्याच स्वराचा फरक आहे, आणि वाढत्या वयात पट्टी पुन्हा बदलेल, तेव्हा बाई स्वतःच सांगतील. मामांना माझा नमस्कार सांगा, आणि पुढच्या वेळी आले की पुन्हा पेटीशिवाय भूप म्हणायला लावा म्हणावं.